शी म्हणायला शिकवणारा उन्हाळा

मार्च संपता संपता आमच्या गल्लीत कूलर बाहेर निघतात. वर्षभर माळ्यावर पडून असलेला तो पत्र्याचा डबा दारात आणून धुतला की त्याच्या गवताच्या जाळ्यांतून एक वास सुटतो. जुन्या पाण्याचा, कुजलेल्या वाळ्याचा, थोडासा मेलेल्या पालीचा. सोलापूरकराला तो वास आला की कळतं, आता पाऊस पडेपर्यंत सुटका नाही. मला त्या वासाबरोबर आणखी काहीतरी आठवतं. त्यात भर म्हणून वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी येते. पानभर बर्फाचे डोंगर, लाल आगगाडी, आणि सगळे दात दाखवत उभं असलेलं चौकोनी कुटुंब. या सुट्टीत युरोप! मी ते पान दुमडते, स्वयंपाकघराच्या फरशीवर पसरते आणि त्यावर कांदे ओतते.

युरोपवर माझा राग नाही. जायचं खूळ मुळात माझंच होतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. पेपर तपासून झाले की मे महिना मोकळा. दोन वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात अन्वी, माझी मुलगी, चार वर्षांची होती. दुपारी कूलरसमोर ओल्या पंच्याखाली ती आणि माझे सासरे शेजारीशेजारी झोपायचे. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो, अन्वीसुद्धा. दोघांचीही तोंडं उघडी, दोघांच्याही मुठी अर्धवट मिटलेल्या. मी त्यांच्या पायाशी बसून मोबाईलवर दूरदूरची खेडी बघायची. त्यात ऑस्ट्रियातलं एक खेडं सापडलं. तळ्याच्या काठाला चिकटलेलं. एक चर्च, एक बेकरी, होडी लागायचा एक लाकडी धक्का. भाड्यानं मिळणारं एक छोटं घर, स्वयंपाकघरासकट, आणि खिडकीबाहेर अक्रोडाचं झाड. मी ते झाड बोटांनी मोठं करून करून बघायची.

बेत इतकाच होता की त्या घरात जायचं आणि राहायचं. अन्वी उठेल तेव्हा उठायचं. बेकरीतून ब्रेड आणायचा. दुपारी ती झोपेल तेव्हा सगळ्यांनी झोपायचं. संध्याकाळी तळ्याकाठी चालायचं, तिच्या पावलानं, म्हणजे प्रत्येक गोगलगायीशी थांबत.

"आणि बघायचं काय तिथं?" सिद्धारामनं विचारलं. सिद्धाराम माझा नवरा. नवी पेठेत अप्पांनी उभं केलेलं टॉवेल-चादरींचं दुकान आता तो चालवतो. दिवसभर लोकांना माल उलगडून दाखवणारा माणूस. न बघता परत येणं त्याच्या डोक्यात बसत नव्हतं.

"काही नाही."

"काहीच नाही?"

"अक्रोडाचं झाड आहे."

तो हसला. पण मला आठवतं, त्या दिवशी दुकान बंद करून आल्यावर त्यानं स्वतःहून विचारलं, "ते झाड दाखव बघू."

अप्पांनाही न्यायचं हे मी धरूनच चालले होते. चार वर्षांच्या मुलीला जे लागतं तेच सत्तरी ओलांडलेल्या माणसाला लागतं. दुपारची झोप, सारखी बाथरूम, हळू चालणं, रोज तेच जेवण. एकीसाठी आखलेला प्रवास दुसऱ्याच्या मापात आपोआप बसत होता. शिवाय अन्वीचा दिवस अप्पांवर चालायचा. सकाळी त्यांच्या बशीतला चहा, आंघोळीनंतर त्यांच्या बोटानं कपाळाला विभूती, संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यावर माशांना चुरमुरे.

"तितं ऊन किती आसतंय?" अप्पांनी विचारलं.

"सकाळी स्वेटर घालावा लागतो."

"मे म्हैन्यात?"

"मे महिन्यात, अप्पा."

"मग येतो की." ते खुशीत आले. "ज्वारीचं पीठ तेवढं घे. बाकी माझं काय न्हाय."

त्या दिवसांची आठवण अजून स्वच्छ आहे. किळस येते ती पुढच्या गोष्टींची.

मोठे भाऊजी, म्हणजे सिद्धारामचे थोरले भाऊ राजशेखर, पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांना बातमी लागली आणि त्यांचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा पडद्यावर मावत नव्हता.

"गीता, अगं वेडी का काय? एवढं विमानानं जाऊन एका गावात बसणार? बसायला अक्कलकोट काय वाईट आहे?" ते आपल्याच विनोदावर हसले. "आम्ही पण येतो. सगळे मिळून जाऊ. तू काही करू नकोस, मी बघतो सगळं."

मी बघतो सगळं. हे वाक्य ज्या घरात शिरतं तिथं बाकीच्यांनी डोळे मिटायचे असतात. एका आठवड्यात माझ्या खेड्याची जागा जूनमधल्या एका टूरनं घेतली. तिचं नावच मुळी 'रिलॅक्स्ड फॅमिली युरोप' असं होतं. घरातल्या ग्रुपवर रोज काही ना काही येऊन पडायला लागलं. पॅरिस कव्हर होतं. रोम कव्हर होतं. स्वित्झर्लंड तर पूर्ण कव्हर. बर्फावर सगळ्यांनी एका रंगाचे टी-शर्ट घालायचे ठरलं. रंगावरून चर्चा झाली. कुठल्या पुलावर उभं राहून कसं वळून बघायचं याचे व्हिडिओ आले. शहरं कशासाठी असतात, तर आपण तिथं होतो हे इतरांना दाखवण्यासाठी, असं त्या ग्रुपचं एकमत होतं. मी वाचायची आणि मला त्या फोटोतल्या बर्फावरसुद्धा माशा बसल्यासारखं वाटायचं.

"तिथलं घर बुक केलेलं नाही ना अजून," सिद्धाराम म्हणाला. "मग दादा म्हणतो तसं जाऊ. एकदा जाऊन येऊ. पुढच्या वेळी तुझं तळं."

मोठ्या भावासमोर त्याचा आवाज कसा बारीक होतो हे मला लग्नापासून माहीत आहे.

मेच्या सुट्टीत भाऊजी आणि शैलाताई सोलापुरात आले. शैलाताई माझ्या मोठ्या जाऊबाई. दिसायला नीटनेटक्या, बोलायला गोड. कुणाच्याही घरात गेल्या की दहा मिनिटांत तिथल्या उशा सरळ करतात. त्यांनी येताना अन्वीसाठी छोटा काटा, छोटी सुरी आणि गळ्याला बांधायचा रुमाल आणला होता.

"तिथं हातानं जेवलं की लोक बघतात गं," त्या म्हणाल्या. "आत्तापासून सवय लावलेली बरी."

सवय लावायला त्यांनी एक खेळ काढला. त्याचं नाव 'छान का शी'. अन्वीला खुर्चीत बसवायचं आणि विचारायचं.

"काट्यानं खाणं?"

"छान!"

"बोटं चाटणं?"

"शी!"

"फुर्र करून चहा पिणं?"

"शी!"

बरोबर उत्तराला टाळ्या आणि चॉकलेटचा तुकडा. अन्वीला खेळ फार आवडला. मुलांना टाळ्या आवडतातच. ती सकाळी उठल्याबरोबर विचारायची, "काकू, खेळायचं?" माझ्या घरात त्याआधी शी हा शब्द शी लागल्यावरच वापरला जायचा. आता तो डासांसारखा झाला. पाल शी, भांडी घासायला येणाऱ्या शांताबाईंची पिशवी शी, शेंगाचटणी शी, भाकरीवरचा काळा डाग शी. म्हणताना ती नाक आक्रसायची आणि वरचा ओठ उचलायची. चार वर्षांच्या चेहऱ्यावर ती घडी इतकी परकी दिसायची की मला तिथून हात फिरवून ती पुसावीशी वाटायची.

मी शैलाताईंना एकदा म्हटलं, "ताई, हा खेळ पुरे आता."

"अगं मॅनर्स आहेत ते," त्या हसून म्हणाल्या. "तू पण ना."

एका दुपारी आमरसाचं जेवण होतं. बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळून चपलेला चिकटत होतं. घरात कूलरचा घरघराट, कैरीचं पन्हं, तळलेल्या कुरडया. अप्पांना वाटीतला रस कधीच आवडला नाही. त्यांना चोखायचे गावरान आंबे लागतात. ते आंबा दोन्ही तळव्यांत घेऊन हळूहळू फिरवतात, आतला गर सगळीकडून सैल होईपर्यंत. मग देठ काढून पहिला चीक पिळून टाकतात. असा एक आंबा ते नेहमी अन्वीसाठी तयार करायचे. तो तिच्या तोंडाला लावला की ती आणि ते समोरासमोर बसून चोखायचे; रस कोपरापर्यंत, पोटापर्यंत. मग दोघं मोरीत जायचे आणि ते तिच्या अंगावर तांब्यानं पाणी ओतायचे.

त्या दिवशीही अप्पांनी आंबा मऊ केला, चीक काढला आणि तिच्यापुढे धरला. "बा मगा," ते म्हणाले. ये बाळ, असं. अन्वीशी ते लाडात आले की कानडीत शिरतात.

तिनं त्यांच्या हाताकडे पाहिलं. मनगटावरून पिवळा ओघळ खाली चालला होता. तिनं नाक आक्रसलं.

"शी! अप्पा घाण!"

आणि पायानं टेबलाला रेटून तिनं आपली खुर्ची मागं सरकवली.

भाऊजी मोठ्यानं हसले. शैलाताईंनी टाळ्या वाजवल्या. "व्हेरी गुड! बघा, किती पटकन शिकली." अन्वी सगळ्यांकडे बघून हसली, बरोबर उत्तर दिल्याच्या आनंदात.

अप्पांनी आंबा ताटाच्या कडेला ठेवला. "व्हय गं," ते म्हणाले, "घाण झालाय खरं हात." ते उठले, मोरीत गेले, आणि बराच वेळ नळ वाहत राहिला. सोलापुरात मे महिन्यात कुणी नळ इतका वेळ सोडून ठेवत नाही.

माझ्या वाटीत रस होता. त्याच्यावर तुपाचा एक गोल तरंगत होता. मला तोंडातला घास गिळवेना आणि बाहेरही टाकवेना. त्या क्षणी त्या खोलीतल्या प्रत्येकाची मला शिसारी आली. हसणाऱ्यांची आली, ताटात नजर खुपसून पोळी मोडत बसलेल्या सिद्धारामची आली. माझ्या मुलीची काही क्षण आली, हे लिहायला जड जातं, पण आली.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा मागच्या गॅलरीत जेवायला लागले. कपडे धुवायच्या दगडाशेजारी पाट टाकून, ताट मांडीवर घेऊन. मी बोलवायला गेले तर म्हणाले, "आत लई गरम व्हायलंय." कूलर आत होता. गॅलरीत पत्रा होता आणि पत्र्यावर ऊन.

मी सिद्धारामला म्हटलं, "तुला दिसतंय ना?"

"दिसतंय." तो चपला घालायला लागला. "दादा चार दिवसांसाठी आलाय, गीता. आता कशाला."

त्याच आठवड्यात टूरवाल्यांच्या ऑफिसात जायचं होतं. नावं नक्की करायची होती. ऑफिसात एसी इतका थंड होता की बाहेरून आलेला घाम अंगावर गोठल्यासारखा झाला. भिंतीवर धबधबे. टाय घातलेला तरणा माणूस आम्हाला हसून हसून सांगत होता. रोज नवीन शहर, रोज गरम भारतीय जेवण, पहाटे उठून बॅगा बाहेर.

"चार वर्षांची मुलगी आहे," मी म्हटलं. "ती झोपणार कधी?"

"बसमध्ये, मॅडम. बसमध्ये आरामच आराम. मुलांना कार्टून लावून देतो आम्ही. रिलॅक्स्ड टूर आहे ना ही."

"आणि ज्येष्ठ नागरिक कोणी?" त्यानं पुढे विचारलं.

"नाही," भाऊजी म्हणाले. "अप्पा येत नाहीत."

मी सिद्धारामकडे बघितलं. त्यालाही हे नवीन होतं.

"त्यांनीच मला सांगितलं," भाऊजी म्हणाले. "आणि खरं सांगू का, बरंच झालं. त्यांच्यासाठी बस सारखी थांबवावी लागणार. जेवणाचं पण... चारचौघांत बरं दिसत नाही."

घरी आल्यावर मी गॅलरीत गेले. अप्पा पाटावर बसून भाकरी कुस्करत होते. मी समोरच्या दगडावर बसले. दगड तापलेला होता.

"अप्पा, तुम्हाला यायचं नाही का?"

"तुमी जावा की. मी दुकान बघतो."

"यायचं नाही का, ते विचारतेय मी."

त्यांनी कुस्करणं थांबवलं. "यायचं व्हतं," ते म्हणाले.

"मग?"

"पोरगी तितं लोकांत बी म्हणाली तर? मला काय न्हाय त्याचं. सिद्धूला लाजल्यासारकं व्हईल."

आत शैलाताईंचा आवाज येत होता. नाक शिंकरून रुमाल खिशात ठेवणं? शी!

मी आत गेले आणि तो खेळ बंद केला. हसून नाही, समजावून नाही. अन्वीला खुर्चीतून उचललं आणि म्हटलं, "हा खेळ या घरात परत व्हायचा नाही." शैलाताईंचा चेहरा पडला. अन्वी रडली. भाऊजी म्हणाले, "एवढ्या-तेवढ्यावर काय चिडतेस?" खेळ थांबला, पण अन्वीच्या नाकावरची घडी काही जाईना. गॅलरीचं दार दिसलं की ती दुसरीकडून जायची.

मग एका दुपारी ती तापली. सकाळी ती शेजारच्या मुलांबरोबर उन्हात कैऱ्या खात खेळली होती. दुपारी झोपेतून उठली ती डोळे लाल आणि अंग भट्टीसारखं घेऊन. एक उलटी झाली, लगेच दुसरी. सिद्धाराम दुकानात. भाऊजींची गाडी दारातच उभी होती.

"भाऊजी, दवाखान्यात सोडता का?"

ते उठले, किल्ली शोधायला लागले. शैलाताई अन्वीच्या फ्रॉककडे बघत म्हणाल्या, "अहो, गाडीत परत उलटी झाली तर? वास बसला की जात नाही. परवा याच गाडीनं परत जायचंय आपल्याला." मग माझ्याकडे वळून, "रिक्षा पटकन मिळेल ना गं कोपऱ्यावर?"

भाऊजींच्या हातात किल्ली होती. त्यांनी ती परत खिशात टाकली असं मला दिसलं. पुढचं बघायला मी थांबले नाही.

गॅलरीतून अप्पा आले होते. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पायात चपला. "चल," एवढंच म्हणाले.

रिक्षात लू दोन्ही बाजूंनी आत येत होती. जणू कुणी भट्टीचं दार उघडून धरलं होतं. अन्वी माझ्या मांडीवर, डोकं अप्पांच्या बाजूला. रस्त्यातल्या खड्ड्यात रिक्षा आदळली आणि ती तोंड दाबून उठायला लागली. पिशवी नव्हती, रुमाल नव्हता. अप्पांनी दोन्ही हातांची ओंजळ तिच्या तोंडाखाली धरली.

सगळी उलटी ओंजळीत. बोटांच्या फटींतून त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, मांडीवर. ते हलले नाहीत. तिचं पुरतं होईपर्यंत त्यांनी हात तसेच धरले, आंबा धरतात तसे सांभाळून. मग रिक्षावाल्याला थांबवून रस्त्याच्या कडेला हात मोकळे केले आणि पुन्हा आत येऊन बसले.

अन्वी त्यांच्या हातांकडे बघत होती. मग त्यांच्या सदऱ्याकडे.

"अप्पा," ती म्हणाली, "मी शी झाले."

"कोण म्हणालं?"

"मी घाण झाले."

"हॅत्," अप्पा म्हणाले. त्यांनी तळवा आपल्या नाकाशी नेला आणि चक्क वास घेतला. "कैरी हाय ही. मीठ लावून खाल्ली व्हतीस ना?"

तिनं मान हलवली.

"मग? कैरीला कोण घाण म्हणतंय का?"

ती रडायला लागली आणि रडत रडत त्यांच्या त्या भरलेल्या सदऱ्यात तिनं तोंड खुपसलं. रिक्षात इतका आंबट वास भरला होता की रिक्षावाल्यानं नाकाला रुमाल बांधला. त्या अख्ख्या उन्हाळ्यात मला किळस आली नाही अशी ती एकच जागा होती.

डॉक्टरांनी ऊन लागलंय म्हणून सांगितलं आणि सलाईन लावलं. सिद्धाराम दुकान तसंच टाकून धावत आला. अन्वी झोपली होती. अप्पा दवाखान्याच्या मागच्या नळावर सदरा काढून, बनियनवर, तो चोळत होते. सिद्धाराम दारात उभा राहून वडलांच्या पाठीकडे बघत राहिला.

"दादाची गाडी दारात होती ना?" त्यानं मला विचारलं.

"होती."

"मग रिक्षा कशाला केलीस?"

मी सांगितलं. शैलाताई काय म्हणाल्या आणि किल्ली कशी खिशात गेली, जसंच्या तसं. आवाज चढवायची गरज पडली नाही. तो अप्पांजवळ गेला, त्यांच्या हातातून सदरा घेतला आणि पिळला. मग तिथंच, ओल्या हातानं, भावाला फोन लावला.

"दादा, आमची नावं काढ त्या टूरमधून."

पलीकडून बराच वेळ बोलणं चालू राहिलं. सिद्धारामचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता, पण तो तेच वाक्य पुन्हा म्हणत राहिला. नावं काढ. रागावून नाही. गिऱ्हाईक हुज्जत घालत असताना तो दुकानात जसा बोलतो तसं. शेवटी फोन ठेवून मला म्हणाला, "त्यांनी पाहिजे तर जावं."

ते गेले. जूनच्या सुरुवातीला, इकडे आम्ही आभाळाकडे डोळे लावून बसलो असताना, ग्रुपवर बर्फ पडायला लागला. भाऊजी, शैलाताई, मागं डोंगर. भाऊजी, शैलाताई, मागं मनोरा. प्रत्येक फोटोत त्यांचे चेहरे थोडे अधिक ओढलेले दिसायचे आणि हसू तेवढंच. मी एकही फोटो मोठा करून बघितला नाही.

अन्वीच्या तोंडातला तो शब्द एकदम गेला नाही. त्या पावसाळ्यातही ती गांडुळांना शी म्हणायची, शेवग्याच्या शेंगेला म्हणायची. मात्र दवाखान्यातून घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिनं आपलं ताट उचललं, सांडत सांडत गॅलरीत नेलं आणि अप्पांच्या पाटासमोर ठेवलं. "इथं गरम होतंय," तिनं तक्रार केली. "व्हय की," अप्पा म्हणाले. दोघं ताटं घेऊन आत आले.

ऑस्ट्रियाचं त्यानंतर राहूनच गेलं. एक वर्ष अप्पांच्या मोतीबिंदूत गेलं. पण या वर्षी मी पुन्हा ते घर शोधलं. आहे अजून. सप्टेंबरमध्ये जायचं ठरतंय. अन्वी आता सहा वर्षांची आहे, अप्पांची चाल आणखी मंद झालीय. मधल्या काळात दोघांची पावलं एकमेकांना जास्तच जुळलीत.

परवा दुपारी फोन वाजला. भाऊजी. ते हल्ली सिद्धारामला फोन करतात, मला नाही.

"गीता, सिद्धू म्हणाला तुमचं तळ्याचं ठरतंय."

"हो."

"मी आलो तर चालेल का? शैला नाही येत, तिच्या बहिणीकडे जातेय. मी एकटाच."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काय बघायचंय असं नाही," ते म्हणाले. आवाज मला ओळखू येत नव्हता, इतका खाली गेलेला. "त्या टूरमधलं खरं सांगू का, मला बसची खिडकी आठवते फक्त. आणि पहाटे बॅगा ओढल्याचं. अप्पांबरोबर मी बसलेलो नाही गं किती वर्षांत."

मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. माझ्या डोळ्यांसमोर खिशात जाणारी किल्ली होती, मागं सरकलेली खुर्ची होती, पत्र्याखालचा पाट होता. जिभेवर जुनीच कडू चव आली. हा माणूस माझ्या अक्रोडाखाली येऊन बसणार, या कल्पनेनंच अंगावर काटा आला. तरी मी आतल्या खोलीकडे बघितलं. अप्पा पंख्याखाली झोपले होते, तोंड उघडं. त्यांचा तो मुलगा होता. माझा कोणी नसला तरी त्यांचा होता.

"या," मी म्हटलं. "पण जेवायला अप्पांच्या शेजारी बसायचं. ते जसे जेवतात तसं."

"बसतो की," भाऊजी म्हणाले. पुण्यात इतकी वर्षं राहून त्यांच्या तोंडून अप्पांचा तो 'की' मी पहिल्यांदा ऐकला.

फोन ठेवला. अन्वी दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

"कोण येणार आहे आपल्याबरोबर?"

"मोठे काका."

ती माझ्याकडे बारकाईनं बघत राहिली. "मग तू असं तोंड का केलंस?"

"कसं?"

तिनं करून दाखवलं. नाक आक्रसलेलं, वरचा ओठ उचललेला. शैलाताईंच्या खेळातली ती घडी तिच्या चेहऱ्यावरून कधीच गेली होती. ही माझ्या चेहऱ्यावरून घेतलेली होती.

मी बेसिनशी गेले आणि नळ सोडला. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दिवसभराच्या उन्हानं चहाइतकं कढत झालेलं होतं. मी ओंजळ भरली, आणि तसल्याच पाण्यानं तोंड धुतलं.